पानं खाऊ घातल्याची तक्रार

मी पोचले तेव्हा कुलूप आधीच आलेलं होतं. नवं कोरं, अजून प्लॅस्टिकच्या पाकिटात. ते आबासाहेबांच्या पीएच्या हातात होतं आणि पीए हॉटेलच्या पायरीवर उभा होता. त्याच्या मागे वीस-पंचवीस माणसं. त्यातली निम्मी मोबाईलवर शूटिंग करत होती, उरलेली शूटिंगमध्ये आपण यावं म्हणून पुढे सरकत होती. दारात नवरा-बायको एप्रन घालून उभे होते. नवऱ्याचा चेहरा लालबुंद झाला होता. बायकोने दाराची कडी हातात घट्ट धरली होती.

"मॅडम, तुमची सही झाली की लावून टाकतो," पीए म्हणाला. "म्हणजे तुम्हाला परत चक्कर नको."

तो माझ्यावर उपकार करत होता.

मी अन्नसुरक्षा अधिकारी होते. आता निवृत्त आहे. लोक आम्हाला अजूनही फूड इन्स्पेक्टरच म्हणतात. आमचं काम म्हणजे तपासणी करायची, नमुने घ्यायचे आणि अहवाल लिहायचा. धंदा बंद करायचा अधिकार आमचा नाही, तो वरच्या साहेबांचा. आणि सील लागलंच तर ते खात्याचं लागतं, तक्रारदाराने बाजारातून विकत आणलेलं नाही. हे सगळं मी पीएला समजावून सांगितलं. त्याने कुलूप पँटच्या खिशात कोंबलं. खिसा फुगला.

त्या दिवशी सकाळीच साहेबांचा फोन आला होता.

"मॅडम, राहुरीला जा. आबासाहेबांच्या फार्महाऊसवर काल दुपारी जेवण होतं. तीसेक लोक ॲडमिट आहेत. जेवण 'भूमध्य' नावाच्या हॉटेलचं होतं. आजच्या आज बंद करायचंय."

"तपासायचं की बंद करायचं?"

"दोन्ही."

"आधी काय?"

साहेब म्हणाले, "तुमचे थोडेच महिने राहिलेत. शांतपणे घालवा ना."

आबासाहेब म्हणजे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. खासगी डेअरी, पेट्रोल पंप, शाळा-कॉलेज. पंचक्रोशीत फीत कापायची असली की कात्री त्यांच्याच हातात. त्यांचा मुलगा परदेशातून शिकून आला होता आणि पुण्याच्या एका बिल्डरच्या मुलीशी त्याचं जमत आलं होतं. होणारे व्याही सगळा गोतावळा घेऊन घर बघायला येणार होते. मुलगा म्हणाला, त्यांच्यापुढे मांडे आणि मटण ठेवलं तर आपण खेडवळ दिसू. आबासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा खेडवळ दिसायची भीती वाटली. म्हणून मुळा धरणाच्या पाण्याकाठच्या फार्महाऊसवर मेडिटरेनियन लंच ठरलं. संध्याकाळपर्यंत बिल्डर, त्याची बायको, मेहुणे, मेहुण्या सगळे ओळीने सलाईनवर. सोयरीक मोडायची वेळ आली होती. घराबाहेरचा कोणीतरी गुन्हेगार तातडीने हवा होता.

तो हॉटेलवाल्याच्या रूपात हाताशी होताच.

हॉटेल नगर-मनमाड रस्त्यावर, पूर्वीच्या खत-बियाण्यांच्या गाळ्यात. टेबलं मोजकी. अमोल आणि तेजश्री हे जोडपं ते चालवायचं. अमोल बरीच वर्षं क्रूझवर, म्हणजे प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर, कुक होता. ग्रीस, इटली, तुर्कस्तान ही बंदरं त्याने पालथी घातलेली. तेजश्री नेवाशाकडची, शेतकऱ्याची मुलगी. शाळेच्या भूगोलात आपण जो भूमध्य समुद्र शिकतो, त्याच्या काठचे लोक जे खातात ते हे दोघं आपल्याकडच्या हंगामी मालातून करायचे. नावही सरळ 'भूमध्य' ठेवलं होतं. गावात निम्म्या लोकांनी ते 'भू-मद्य' असं वाचलं आणि हा परमिट रूम आहे अशी समजूत करून घेतली. पहिले काही महिने ट्रकवाले थांबून बिअर मागायचे.

"तक्रार काय आहे?" मी पीएला विचारलं.

"पानं खाऊ घातली, मॅडम."

"कसली पानं?"

"द्राक्षाची. फवारणीवाली. आणि गवत. व्याही मंडळींना गवत वाढलं यांनी."

'गवत' म्हणजे घोळ. तीच घोळ, जी आपल्याकडे पाण्याच्या पाटाकडेला उगवते आणि जिची डाळ घालून केलेली भाजी तिथल्या प्रत्येक शूटिंगवाल्याने लहानपणी खाल्ली असणार. ग्रीसमध्ये ती कच्ची, दह्यात घालून खातात. पण आपल्या आईने केली तर भाजी आणि दुसऱ्याने ताटात सजवून दिली तर गवत, अशी त्या पायरीवर सर्वांची खात्री झाली होती.

मी माणसांना बाहेर काढलं आणि आत गेले.

स्वयंपाकघर लहान होतं, पण नीट. फ्रिजचं तापमान मी माझ्या थर्मामीटरने बघितलं. बरोबर होतं. कच्चं-शिजलेलं वेगळं. दोघांचे हात तपासले, नखं, जखमा, फोड. काही नव्हतं. पाण्याची तपासणी मात्र वर्षभरात झालेली नव्हती. ते मी लिहून घेतलं.

"हे आत्ता महत्त्वाचं आहे का?" अमोल म्हणाला.

"महत्त्वाचं काय ते मी ठरवते."

अमोल मला फारसा आवडला नाही, हे सांगून टाकते. त्याच्या मेनूवर घोळीला 'पर्सलेन' लिहिलं होतं, चक्क्याला 'लॅबने', आणि वांग्याच्या भरताला असं काही नाव दिलं होतं की वांग्यालाही ओळख पटली नसती. मी काय वाढलं होतं असं विचारलं तर त्याने ऋतू, माती, समुद्राचे वारे इथपासून सुरुवात केली. बाहेर लोक त्याच्या धंद्याला कुलूप घालायला उभे होते आणि हा वाऱ्यांबद्दल बोलत होता.

"अहो, त्यांना पदार्थ सांगा," तेजश्री म्हणाली. मग तिनेच सांगितले. द्राक्षाच्या कोवळ्या पानात भात भरून केलेल्या गुंडाळ्या, छोल्यांची चटणी, भाजलेलं वांगं, चक्का, घोळ-काकडीची कोशिंबीर, लिंबू लावून भाजलेलं चिकन, पावासारखी रोटी.

"पानं कुठली?"

"माझ्या माहेरची. विहिरीवर एकच वेल आहे, मांडवावर. द्राक्ष खायला पाखरंच असतात, त्यामुळे फवारत नाही कुणी. बागेतली पानं आम्ही घेत नाही."

"गोड काय होतं?"

"आम्ही खरबूज दिलं होतं, पुदिना घालून. पण बासुंदी त्यांची होती. आबासाहेबांनी सांगितलं होतं, गोडाचं तुम्ही बघू नका."

तक्रारीत बासुंदीचा शब्द नव्हता.

जहाजावरची एक चांगली सवय अमोलने ठेवली होती. मोठ्या जेवणाच्या प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग वेगळ्या डबीत काढून फ्रिजमध्ये ठेवायचा. जहाजावर कोणी आजारी पडलं तर तपासता यावं म्हणून ही पद्धत असते. मी त्या सगळ्या डब्यांतले नमुने घेतले, निर्जंतुक बाटल्यांत भरून बर्फात ठेवले. फवारणीच्या औषधासाठी पानं वेगळी घेतली.

बाहेर पीए वाट बघत होता. "झालं का?"

"नमुने झाले. आता दवाखाना."

"तिथं काय ठेवलंय? पेशंट तर बरे होतायत."

"म्हणूनच जाते. बोलू शकतील."

दवाखान्यात आबासाहेब स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. पांढरे कपडे, उजव्या अंगठ्याला पट्टी, भोवती माणसं. मला बघून त्यांनी नमस्कार केला आणि बसल्या जागेवरून निकाल सांगितला.

"विषप्रयोग आहे, मॅडम. हेतुपुरस्सर असंल-नसंल, ते पोलीस बघतील. तुमी फक्त पान पकडा."

मी डॉक्टरांकडे गेले. फवारणीच्या औषधाची विषबाधा असेल तर तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मी तेच विचारलं.

"यातलं काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "उलट्या, पोटात मुरडा, नंतर जुलाब. ताप नाही. दुपारी जेवले आणि चहाच्या वेळेपर्यंत एकामागून एक आले."

इथे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. शिळ्या किंवा घाण अन्नातले बरेचसे जंतू पोटात जाऊन वाढतात, मग त्रास देतात. त्याला अर्धा-एक दिवस लागतो, आणि बहुतेकदा ताप येतो. पण एक जंतू वेगळा आहे. तो अन्नातच वाढतो आणि तिथेच विष तयार करून ठेवतो. ते विष पोटात गेलं की दोन-चार तासांत उलट्या. तो जंतू राहतो माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि सगळ्यात जास्त पू झालेल्या जखमेत. त्याला आवडतं ते दूध, खवा, साय. आणि मे महिन्यातली दुपार.

म्हणजे मला शोधायचं होतं, कुणाचा हात कुठल्या दुधाला लागला.

पुरुषांच्या वॉर्डात मी विचारलं, काय-काय खाल्लं. सगळ्यांनी सगळं खाल्लं होतं. "पानं खाल्ली, घोळ खाल्ली, छोलेही." आबासाहेबांचा पीए माझ्या मागेच उभा होता, त्यामुळे सगळ्यांची स्मरणशक्ती एकसारखी होती. मी त्याला बाहेर पाठवला आणि बायकांच्या वॉर्डात गेले. विहीणबाई उशाला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण केस विंचरलेले.

"बाई, तुम्ही पानं किती खाल्लीत?"

त्यांनी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू का? एकही नाही. मला ते सगळं आंबटच वाटलं. मी ताट तसंच सरकवलं."

"मग काय खाल्लं?"

"बासुंदी. दोन वाट्या. पोटात काहीतरी जायला नको का? शिवाय आबासाहेबांनी इतक्या प्रेमाने केली होती. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा आमच्यासमोर स्वतः ढवळली. बदाम-पिस्ते हाताने चुरून घातले. त्यांच्याकडे म्हणे रीतच आहे, व्याह्यांचं गोड घरच्या कर्त्याने करायचं."

"हे काल कुणाला सांगितलं होतंत?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे पानंच म्हणत होते. मग मीही म्हटलं असेल, पानांचा वासच असेल."

मी व्हरांड्यात परत आले.

"आबासाहेब, अंगठ्याला काय झालंय?"

"नखुरडं. ठणकतंय लई. त्याचं काय?"

"पट्टी केव्हापासून?"

"आज बांधली. काल पाव्हन्यांसमोर कुठं पट्टी बांधून फिरू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी पान तपासायला आलाय का माजा अंगठा?"

"बासुंदी उरली आहे का?"

"न्हाई. आन उरली असती तरी तिला काय धाड भरली असती? मला साखर हाय म्हनून म्या खाल्ली न्हाई, पर आमच्या डेअरीचं दूध हाय. पहाटेपासनं आटवलंय. निम्मा तालुका त्या दुधावर वाढलाय."

फार्महाऊसवर गेले तर पातेलं घासून लख्ख. मुदपाकखान्यात दोन मोठे फ्रिज होते. बासुंदी फ्रिजमध्ये ठेवली होती का, असं मी तिथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फ्रिजमध्ये बाटल्या होत्या, जागा नव्हती. पातेलं पडवीत ठेवलं होतं, पाव्हणे धरणावर फिरायला गेले, जेवायला उशिरा बसले. पडवीवर पत्रा होता. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले तर साडी पाठीला चिकटली.

पण हा सगळा अंदाज. बासुंदी गेलेली. ज्यांनी खाल्ली त्यांनी पानंही खाल्ल्याचं सांगितलेलं. एका विहीणबाईच्या शब्दावर आमचे साहेब फाईल पुढे ढकलणार नाहीत, आणि त्या बाई आबासाहेबांसमोर तोच शब्द परत उच्चारणार नाहीत, हे मला कळत होतं. मला असा माणूस हवा होता ज्याने बासुंदी खाल्ली आणि हॉटेलचं काहीच खाल्लं नाही.

निघताना आबासाहेबांचा मॅनेजर कोणाला तरी फोनवर ओरडत होता. "अरे मग गाडी कोण आणणार? सगळे ड्रायव्हर एकदम कसे आजारी पडतात? माज आलाय."

मी थांबले. "ड्रायव्हर आजारी आहेत?"

"नाटकं असतात, मॅडम. पाव्हण्यांच्या धावपळीत कामचुकारपणा."

तीस माणसं आजारी असल्याचं अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. त्या तिसात ड्रायव्हर नव्हते. त्यांना कोणी मोजलंच नव्हतं. पाहुण्यांना दवाखान्यात पोचवून ते आपापल्या घरी जाऊन ओकत पडले होते.

मी मॅनेजरकडून पत्ता घेतला. नामदेव नावाचा ड्रायव्हर जवळच्याच वस्तीवर राहायचा. घरासमोरच्या छपरात खाटेवर पडला होता. गावातल्या डॉक्टरने सलाईन खांबाच्या खिळ्याला टांगली होती. मला बघून उठायला लागला, मी पडून राहा म्हटलं.

"नामदेव, काल पानं खाल्लीस का?"

तो हसला. हसताना पोट धरलं. "हाटेलचं आमाला कोन देतंय, मॅडम? आमी तिकडं झाडाखाली हुतो. आमाला पिठलं-भाकर."

"पिठल्याने झालं असेल."

"पिठलं सकाळीबी खाल्लं हुतं, तेच. कायबी झालं न्हाई. मंग मालकाला लईच आनंद झाला हुता, पावनं खूश दिसलं म्हनून. ड्रायव्हर लोकान्लाबी बासुंदी धाडा म्हनले. बादलीनं आली. आमी वरपली." तो थांबला. "समद्यांनीच."

"चिकन, चटणी, पाव, काहीच नाही?"

"वास बी न्हाई."

तेवढ्यात त्याची बायको आतून म्हणाली, "मी बोलले हुते यांना, पोरांसाठी डब्यात आनलीय ती तशीच हाय. द्यायच्या आदीच यांना उलट्या सुरू झाल्या. मी फ्रिजात ठिवली."

"तशीच आहे?"

"टाकून देनार हुते आज. यांच्यापायी सवड न्हाई मिळाली."

स्टीलचा डबा होता. झाकण काढलं तर वर साय आणि साईवर बदामाचे तुकडे. दिसायला उत्तम. वासालाही उत्तम. या विषाचं हेच आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मी नमुना घेतला, नामदेवचा आणि त्याच्या बायकोचा जबाब घेतला. बाकीच्या ड्रायव्हरांकडेही गेले. सगळ्यांची हकीकत तीच.

संध्याकाळी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं.

"ड्रायव्हरचे जबाब कशाला घेतले?" ते म्हणाले.

"आजारी आहेत म्हणून."

"त्यांनी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग?"

मी जबाब फाईलला लावले. साहेबांनी बंदचा आदेश मात्र काढला नाही. त्यांनी त्याहून सोपं केलं. हॉटेलला फोन करून सांगितलं की रिपोर्ट येईपर्यंत स्वतःहून बंद ठेवलेलं बरं. लेखी आदेशावर अपील करता येतं. फोनवर कसलं अपील करणार? 'भूमध्य'चं शटर खाली आलं. गावाला वाटलं, सरकारने बंद केलं. व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं की परदेशी पाल्यात विषारी औषध सापडलं. कोणाच्या तरी चुलत्याने प्रयोगशाळेचा रिपोर्ट स्वतः पाहिलाही होता. नमुने अजून बर्फातून निघायचे होते.

त्या दरम्यान पाण्याच्या तपासणीचं बघायला मी एकदा तिथे गेले. शटर अर्धं उघडं होतं. तेजश्री आत भांडी घासत होती. न वापरलेलीच भांडी. अमोल एका टेबलाशी बसला होता आणि या खेपेला वाऱ्यांबद्दल काहीच बोलत नव्हता.

"पीए आला होता," तेजश्रीने सांगितलं. "म्हणाला, तुम्ही एवढंच लिहून द्या की पानं नीट धुतली गेली नव्हती, नजरचुकीने. आबासाहेब प्रकरण मिटवतील. वर पुण्याला त्यांच्या व्याह्यांच्या मॉलमध्ये जागा मिळवून देतील. इथं कशाला खितपत पडता म्हणाला."

"मग?"

तिने अमोलकडे बघितलं. अमोल म्हणाला, "मी म्हटलं होतं, देऊन टाकू. काय फरक पडतो? नाहीतरी लोकांनी ठरवलंच आहे. पुण्यात निदान नाव तरी नीट वाचतील."

"आणि मी म्हटलं, न्हाई," तेजश्री म्हणाली. रागात तिची भाषा माहेरी गेली. "आमी चुकलो असतो तर दवाखान्यात जाऊन पाय धरले असते. पानं मी धुतलीत. एकेक पान, तीन पाण्यांतनं. मी न धुतल्याचं लिहून देऊ? मंग उद्या पुण्यातबी कुणाच्या पोटात दुखलं की माझंच पान."

"मग पीएला काय सांगितलंत?"

"म्हटलं, चहा घेऊन जा. तो म्हणाला, नको, तुमच्याकडचं काही नको."

अमोल पहिल्यांदाच हसला. मला तो तेव्हा थोडा बरा वाटला.

पंधरवड्याने रिपोर्ट आले. पानांवर फवारणीचं औषध नव्हतं. हॉटेलच्या सगळ्या डब्या स्वच्छ. नामदेवच्या डब्यातल्या बासुंदीत तो जंतू भरपूर आणि त्याचं विषही.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. मग परत वाचला, जणू दुसऱ्या वेळी बदलेल. "हा नमुना कोर्टात टिकणार नाही," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या घरातला डबा. मधे कोणी काय मिसळलं कुणास ठाऊक."

यात ते बरोबर होते. साहेबांना नियम उत्तम येत. कधी आठवायचे हेही येई.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब साहेबांच्या केबिनमध्ये आले. मला बोलावून घेतलं. आबासाहेबांचा अंगठा आता बरा झाला होता.

"माज्या अंगठ्यानं माणसं आजारी पडली, असं म्हननं हाय म्हनं तुमचं," ते म्हणाले.

"नखुरड्यातला पू बासुंदीत गेला. पातेलं पडवीच्या उकाड्यात राहिलं. त्यात विष तयार झालं."

"दूध पहाटेपासनं उकळत हुतं. उकळल्यावर जंतू मरत्यात, एवढं आमच्या डेअरीवरचं पोरगंबी सांगंल."

"जंतू मरतात. पण तुम्ही हात घातला तो बासुंदी झाल्यावर, व्याह्यांसमोर. आणि एकदा विष तयार झालं की मग कितीही उकळा, ते तसंच राहतं."

"आमच्या घरात चार पिढ्या—"

"साहेब," मी आमच्या साहेबांकडे वळले, "हॉटेल बंद करायचं असेल तर लेखी आदेश काढा. ते अपिलात जातील. तिथे माझा अहवाल वाचला जाईल. बासुंदी कोणी ढवळली ते विचारतील. मी लिहिलंय की ढवळताना विहीणबाईंनी बघितलं. त्यांना साक्षीला बोलवावं लागेल. हात, अंगठा, पू, सगळं त्यांच्यासमोर सांगावं लागेल."

पू हा शब्द आबासाहेबांसमोर कोणी इतक्या सरळपणे उच्चारला नसावा. त्यांनी अंगठा मुठीत घेतला.

"व्याही मंडळींना यात ओढायचं कारन न्हाई," ते शेवटी म्हणाले. "बाईमाणसाला साक्षीला? बरं दिसंल का ते?"

"मीही तेच म्हणते."

"उष्णता फार होती त्या दिवशी," साहेब घाईने म्हणाले. "अतिउष्णतेमुळेही असं होतं. नाही का, मॅडम?"

मी माझी फाईल उचलली. साहेबांनी ते होकारात धरलं.

तक्रारदाराने तक्रार मागे घेतली. कागदावर कारण लिहिलं गेलं, 'हवामानातील तीव्र उष्मा'. माझा अहवाल फाईलला लागला आणि फाईल कपाटात गेली. हॉटेलला पाण्याच्या तपासणीची नोटीस मिळाली, म्हणजे एवढं सुधारा असं सांगणारं पत्र, आणि ती मीच काढली, कारण ती चूक त्यांची होती. डेअरीलाही एक पत्र गेलं, की हाताला जखम असलेल्यांनी अन्नाला हात लावू नये असा फलक लावावा. फलक लागला. त्याच्या अनावरणाला आबासाहेब होते.

लग्न झालं. पुण्यात झालं. गोड म्हणून आईस्क्रीम होतं, कंपनीचं, पॅकबंद.

नामदेवचा आणि इतर ड्रायव्हरांचा आजारपणाचा पगार कापला गेला. त्यांच्या आजाराची कुठेही नोंद नव्हती, माझा अहवाल सोडून, आणि तो कपाटात होता. मी डेअरीच्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, बघतो. त्याने बघितलं नाही.

'भूमध्य' उघडलं. सुरुवातीला चिटपाखरू नाही. मग हळूहळू लोक यायला लागले, आणि कशासाठी, तर आबासाहेबांना नडलेली ती पानं खाऊन बघायला. एक पान तोंडात घालायचं, बाकीच्यांनी शूटिंग करायचं, मग जिवंत आहे म्हणून टाळ्या. अमोलला याचा फार संताप यायचा. मी शेवटची तिथे जेवायला गेले तेव्हा तो म्हणाला, "एवढं शिकून, एवढं फिरून आलो, आणि हे लोक माझ्याकडे धाडस करायला येतात."

"येऊ द्या," तेजश्री आतून म्हणाली. "पहिलं पान धाडसानं खातात. दुसरं मागून घेतात." आणि तिने माझ्यापुढे घोळीची कोशिंबीर ठेवली. चांगली होती. मेनूवर अजूनही 'पर्सलेन'च होतं.

निवृत्तीच्या आधी मला नव्या अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगला बोलायला लावलं. मी हीच हकीकत सांगितली, नावं वगळून. म्हटलं, विषबाधेच्या तपासाला गेलात की पंगतीत कोण होतं हे सगळेच सांगतील. तुम्ही विचारा, पंगतीत कोण नव्हतं आणि तरी आजारी आहे. एका हुशार मुलीने हात वर केला आणि हे कुठल्या नियमात आहे असं विचारलं. मी सांगितलं, कुठल्याच नाही. तिने वही मिटली.